वीणा खाली ठेवायची नसते

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात, काल्याच्या आदल्या रात्री केलेलं भाषण. आम्ही बोललो, शाळेतल्या गुरुजींनी लिहून घेतलं.)





आज कीर्तन नाही. कीर्तनात अभंग असतो, चाल असते, आमचं काही चुकलं तर मागचे टाळकरी झाकून घेतात. आज झाकायला कोणी नाही. पुस्तकाच्या मंडळींनी सांगितलं, "महाराज, संकटातून माणूस कसा घडतो यावर तुम्ही बोला, तुम्ही लई भोगलंय." आम्ही म्हटलं, भोगलंय तर समोर बसलेल्या सगळ्यांनीच. कोणाच्या घरची चूल कधी ना कधी विझली नाही? आम्ही चौथी शिकलेलो. चौथीपर्यंतच शाळा होती गावात, पुढची शाळा दोन कोसांवर, आणि घरी शेरडं वळायला कोणी नव्हतं. तेव्हा मोठं ज्ञान आमच्याकडून मागू नका. आमच्याबरोबर जे झालं ते सांगतो.

आधी एक कबुली देतो. आम्ही तीस वर्षं कीर्तनात सांगत आलो की दुःख माणसाला घडवतं. सोनं तापल्याशिवाय दागिना होत नाही, असे दृष्टांत द्यायचो. लोक माना डोलवायचे. पण एकदा एका घरी तेराव्याचं प्रवचन होतं. तरणाताठा मुलगा गेलेला. तिथंही आम्ही तेच बोललो, देव परीक्षा बघतो म्हणालो. समोर त्या पोराची आई बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर मागं केला आणि आमच्याकडं नुसतं बघितलं. बोलली काही नाही. माऊली हो, ती नजर आजही आमच्या पाठीवर आहे. त्या दिवशी आमचं काहीतरी चुकलं होतं. काय चुकलं ते कळायला पुढं आमच्यावरच यावं लागलं.

आता बहात्तरचं सांगतो. 1972 साली आम्ही तेरा वर्षांचे. पाठोपाठ पाऊस गेलेला. कणगी खरवडून काढली तरी दाणा निघंना. वडील आम्हाला पाझर तलावाच्या कामावर घेऊन गेले. मोठी माणसं खडी फोडायची, आम्ही पाटी उचलायचो. परदेशातून मिलो म्हणून तांबडी ज्वारी यायची. तिची भाकर थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची. कामावर सुकडी वाटायचे, ती आम्ही पोरं फडक्यात बांधून घरी आजीला आणायचो. लोकांच्या पोटाला काम द्यायचं म्हणून जे सुरू झालं, त्यातूनच पुढं आपल्या राज्याची रोजगार हमी उभी राहिली आणि 1977 ला तिचा कायदा झाला. आज पाझर तलावाच्या भरावावरून चालताना पोरांना वाटतं, सरकारनं तलाव बांधला. त्यात तुमच्या आज्यांचे हात सोललेत.

तर, त्याच कामावर आमच्या शेजारचे दोघं सख्खे भाऊ होते. एकच आई, एकच उपास, एकाच ढिगावर दोघं खडी फोडायचे. दुष्काळ सरला. थोरल्यानं विहिरीला काट्याची कुपाटी घातली. "आमच्यावर वेळ आली तवा कोणी दिलं?" म्हणायचा. मरेपर्यंत त्यानं त्या विहिरीवर कोणाचं जनावर येऊ दिलं नाही. धाकट्यानं रस्त्याच्या कडेला लिंबाखाली रांजण पुरला आणि मरेपर्यंत रोज भरला. आपली दिंडी निघाली की पहिलं पाणी त्या रांजणाचं पिते, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

दुष्काळ दोघांना एकच होता. मग दुःख माणसाला घडवतं म्हणावं, तर थोरल्याला का घडवलं नाही? दुःखात तेवढी ताकद नसते. दुःख नांगरून ठेवतं फक्त. पेरायचं काय, हे आपल्या हाती राहतं. नुसत्या नांगरटीवर कुंदा आणि हराळीच माजते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

त्या दुष्काळात, 1973 च्या आषाढीला आपल्या दिंडीत अकरा माणसं होती. घरात पीठ नाही आणि वारीला कुठं निघालात, असं लोक म्हणाले. आमचे वडील त्या अकरांत होते. नगरला निवृत्तिनाथांच्या पालखीला जाऊन मिळाले, मिरजगाव, करमाळा करत चंद्रभागेला पोचले. वाटेत कोणाच्या वाट्याला अर्धी भाकर आली की ती अकरा जणांत मोडायची. वडील सांगायचे, "तुकडा नखाएवढा यायचा, पण कोणी उपाशी राहिलो असं कोणी म्हणालं नाही." आम्हाला ते तेव्हा समजलं नाही. आम्ही पोर, आम्हाला नखाएवढ्या तुकड्यात फक्त नख दिसलं.

पुढं आम्ही माळ घातली, दिंडीत टाळ धरला, मग कीर्तनाला उभे राहू लागलो. दिंडीत शिरल्यावर जुने विणेकरी बाबा होते, त्यांनी पहिला नियम सांगितला. वीणा जमिनीवर ठेवायची नाही. थकलात, लघवीला जायचं, चक्कर आली, काही का होईना, वीणा खाली टेकवायची नाही. दुसऱ्यानं यायचं, दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, आणि एकाच्या गळ्यातली दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. सप्ताहात सात दिवस, सात रात्री वीणा अशीच उभी असते. माणसं बदलतात, वीणा थांबत नाही. आम्ही म्हटलं, चांगला नियम आहे. पाठ केला. कळला नव्हता.

आता 2013 कडं येतो. आपल्या भागात म्हणतात ना, बहात्तरला पाणी होतं पण दाणा नव्हता, आणि तेराला दाणा होता पण पाणी नव्हतं. रेशनला गहू मिळत होता, पण प्यायला टँकर. गावोगाव चारा छावण्या. माणसं घरं सोडून जनावरांजवळ छावणीत झोपत होती.

आमची मोसंबीची बाग होती. तीनशे झाडं, अकरा वर्षांची. पोरासारखी वाढवलेली. विहीर आटली, बोअर घेतलं, चारशे फुटांवर धुरळा निघाला. दुसरं घेतलं, तेही कोरडं. पहिल्या उन्हाळ्यात विकतच्या टँकरनं बाग जगवली. कर्ज सोसायटीचं होतं, बँकेचं होतं, आणि काही हातउसनं होतं ते सगळ्यात जड. सगळं मिळून साडेचार लाख. दुसऱ्या उन्हाळ्यात बाग उभी वाळली. मोसंबीचं झाड वाळताना आधी पानं गुंडाळून घेतं, माणूस थंडीत गुडघे पोटाशी घेतो तसं. आम्ही बागेत जायचं सोडलं.

आणि माऊली, सगळ्यात वाईट काय झालं असेल, तर आम्ही कीर्तनाला उभं राहायचं सोडलं नाही. रोज कुठंतरी जाऊन लोकांना धीर द्यायचो आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपायचो. आमच्या मंडळींनी विचारलं तर "काही नाही" म्हणायचो. कीर्तनकारानं आपलं रडगाणं कोणाला सांगावं? लोक म्हणतील, यांचं ज्ञान कुठं गेलं? तो ताठाच होता, दुसरं काही नाही. आम्ही त्याला वैराग्य समजत होतो.

त्या चैत्रात आपला सप्ताह होता. आमचा पहारा रात्री बारा ते दोन. आम्ही देवळात आलो ते मनात एक वाईट विचार घेऊन आलो. काय विचार, ते मोठ्यांना कळलं असेल, पोरांपुढं उच्चार करत नाही. पहारा झाला की घरी जायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. लोकांना सांगण्यासारखी गोष्ट नाही ही. पण आज शंभर वर्षांच्या पुस्तकात खरं लिहायचं नाही, तर कुठं लिहायचं?

बारा वाजता वीणा गळ्यात आली. देवापुढं समई, आणि आम्ही एकटे. दोन वाजले. पुढच्या पहाऱ्याचा माणूस आला नाही. अडीच झाले. आम्ही मनातून चिडलो. वीणा ठेवून जाता येईना. देवळात दुसरं कोणी नाही, हाक कोणाला मारावी? ठेवली असती तर कोणी बघणार नव्हतं. ज्याला सगळंच सोडून जायचं आहे त्याला नियमाचं काय? पण हात खाली जाईना. बाबांनी सांगितलेलं हाडात मुरलं होतं. तीन वाजले, साडेतीन वाजले. पाय बधिर झाले. नाम तोंडानं चाललं होतं, मन भलतीकडं होतं.

चारच्या सुमाराला तो धापा टाकत आला. आपलाच टाळकरी. पाया पडायला वाकला तो उठंचना. आम्ही म्हटलं, "काय रे?" तो म्हणाला, "महाराज, छावणीत होतो. बैल बसला तो उठलाच न्हाई. डॉक्टर आले तवर गेला. जोडीतला दुसरा वरडतोय अजून." आणि आमच्या पायांवर पाणी पडलं.

वीणा घ्यायला आलेल्या माणसाच्या हाताला कंप सुटलेला. आमच्या तोंडून आपोआप निघालं, "तू बस. आम्ही धरतो." तो खांबाला टेकून बसला आणि बैलाचं सांगत राहिला. वासरू असताना किती रुपयांना आणला, कुठल्या बाजारातून आणला, शिंगं कशी होती. आम्ही ऐकत राहिलो. काकडा सुरू व्हायची वेळ झाली, बाया-माणसं देवळात येऊ लागली, आणि आमच्या ध्यानात आलं की दोन तास आम्हाला आमच्या साडेचार लाखांची आठवण झाली नव्हती.

विणेकरी बाबा आले. त्यांनी आमच्या पायांकडं बघितलं. म्हणाले, "कवापासून उभा हाईस?" आम्ही म्हटलं, "बारापासून." "मग कोणाला उठवलं का न्हाई? वीणा खाली ठेवायची न्हाई म्हंजे एकट्यानं धरायची असं कोणी सांगितलं तुला?"

तिथं आमचा बांध फुटला. सगळ्या काकड्यापुढं आम्ही रडलो. कर्ज सांगितलं, बाग सांगितली, मनात काय होतं तेही बाबांच्या कानात सांगितलं. बाबांनी वीणा आपल्या गळ्यात घेतली आणि दोघांना आमच्याबरोबर घरी धाडलं. घरी आमच्या मंडळी चुलीपुढं बसल्या होत्या. आम्ही सांगायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "आम्हाला समदं ठावं हाय. तुम्ही कवा बोलताय याचीच वाट बघत व्हतो. चार महिने रात्रीचं दाराला आडवं झोपतेय मी, ते काय हवेसाठी?"

माऊली हो, चमत्कार काही झाला नाही. कर्ज कोणी फेडलं नाही. दिंडीतल्या दोघा जाणत्यांनी आमच्याबरोबर बँकेत येऊन हप्ते पाडून घेतले. हातउसने ज्यांचे होते, त्यांच्या दारात बाबा स्वतः जाऊन बसले. वाळलेली झाडं तोडायला आमचा हात चालंना, तेव्हा अठरा टाळकरी कुऱ्हाडी घेऊन आले आणि दिवसभर हरिपाठ म्हणत त्यांनी बाग तोडली. तालुक्याच्या डॉक्टरांनी झोपेच्या आणि मनाच्या गोळ्या दिल्या, त्याही आम्ही आठ महिने घेतल्या. त्यात लाज कसली? पाय मोडला तर प्लास्टर घालतोच की. कर्ज फिटायला सात वर्षं लागली. बाग पुन्हा लावली नाही. तिथं आता बाजरी आणि तूर असते. आमचा मुलगा कंपनीत लागला, तो वारीला येत नाही. हे सगळं आहे तसं आहे.

पण त्या रात्री एक नियम कळला, तो सांगायला आज उभे आहोत. दुःख खाली ठेवता येत नाही. ठेवतो म्हणलं तरी ते गळ्यातच राहतं. पण ते दुसऱ्याच्या हाती देता येतं, आणि दुसऱ्याचं आपल्याला घेता येतं. आम्हाला आमचं पेलत नव्हतं, तरी त्या बैलवाल्याचं पेललं. असं कसं झालं, याचा आम्ही लई विचार केला. मग ध्यानात आलं, माणसाचे खांदे आपल्या ओझ्यापेक्षा दुसऱ्याच्या ओझ्याला जास्त मजबूत असतात. बळ कुठून येतं म्हणाल, तर तिथून येतं.

आणि मग संतांची चरित्रं आम्हाला नव्यानं दिसू लागली. आपण ज्यांच्या पालखीबरोबर चालतो ते निवृत्तिनाथ. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, मागं चार लेकरं. थोरले हे. पुढं आळंदीला ज्ञानोबा गेले, सासवडला सोपानकाका गेले, तापीकाठी मुक्ताई गेली. धाकटी तिघं डोळ्यांदेखत गेली आणि थोरला मागं राहिला. ते दुःख केवढं असेल! पण त्याआधी याच थोरल्या भावानं, याच आपल्या नगर जिल्ह्यात, नेवाशाला धाकट्याला उभं केलं आणि म्हणाला, लोकांना कळेल असं सांग. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी तिथं झाली. ज्या खांबाला टेकून माऊलींनी सांगितली तो पैस आजही आहे. ज्या समाजानं घर मोडलं, त्याच समाजासाठी त्या पोरक्या पोरानं शेवटी मागणं मागितलं. स्वतःच्या घराचं नाव त्यात नाही. पसायदान रोज म्हणता, आज म्हणताना एवढं ध्यानात घ्या.

तुकोबारायांचं घ्या. 1630 च्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ. बायको गेली, पोर गेलं, दुकान बुडालं. अशा वेळी माणूस आपली येणी आधी गोळा करील. तुकोबांनी काय केलं? भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. स्वतः बुडालेला माणूस दुसऱ्यांना सोडवतोय! आम्हाला कर्ज होतं म्हणून सांगतो, त्या दिवशी देहूतल्या किती घरांत रात्री झोप लागली असेल, ते कर्जदारालाच कळेल.

लांबचं कशाला, आपल्या नगर तालुक्यातलं हिवरे बाजार बघा. पाऊस तुमच्या-आमच्याएवढाच. बहात्तरनंतर तेही गाव उठून गेलं होतं, माणसं कामाला मुंबई-पुण्याला. 1990 च्या आसपास पोपटराव पवार सरपंच झाले आणि गाव श्रमदानाला लागलं. पण नुसते चर खांदून भागलं नाही. शेतीला बोअर घ्यायचं नाही, ऊस लावायचा नाही, असं गावानं स्वतःला बांधून घेतलं. पावसाळा सरला की पाणी किती ते मोजतात आणि पिकं कोणती घ्यायची ते ग्रामसभेत ठरवतात. म्हंजे पाणी कमी पडलं तर ते सगळ्या गावाला कमी पडतं, एकट्याला नाही. आम्ही दोन बोअर एकट्यानं घेतले, कोणाला न विचारता. शेजारच्यानं बघून तीन घेतले. सगळ्यांनी मिळून जमिनीच्या पोटात भोकं पाडली आणि आपापल्या घरात एकेकटे रडत बसलो. ही चूक आमची आहे, ती पावसावर ढकलत नाही.

शेवटची गोष्ट सांगतो. 2020 ला पायी वारी झाली नाही. 1 जुलैची आषाढी होती. मानाच्या पालख्या मोजक्या माणसांनिशी एसटीनं पंढरीला गेल्या. आपण घरी. देवळं बंद, म्हणून वीणा बाबांच्या घरी होती. संध्याकाळी सातला ज्यानं त्यानं आपापल्या ओट्यावर हरिपाठ म्हणायचा, असं ठरलं. पुढच्या वर्षी चैत्रात बाबा गेले. ज्या माणसानं गावातल्या निम्म्या लोकांना खांदा दिला, त्याला आम्हाला खांदा देता आला नाही. हे शल्य आहे, ते राहणार.

चौथ्या दिवशी त्यांच्या सूनबाईंनी आम्हाला बोलावलं. आम्ही फाटकाबाहेर उभे, त्या आत. वीणा फडक्यात गुंडाळलेली. म्हणाल्या, "दवाखान्यात नेताना मामांनी सांगितलं, तुमच्याकडं द्यायची. चार दिवस आम्ही आळीपाळीनं मांडीवर घेऊन बसलोय, खाली ठेवली नाही." घरात सुतक, दोघं तापानं फणफणलेले, आणि ती माउली वीणा मांडीवर घेऊन बसली होती. आम्ही तिथंच रस्त्यावर तिला दंडवत घातला. ती वीणा आज आमच्या गळ्यात आहे. उद्या तुमच्यातल्या कोणाच्या तरी येईल.

आता आमचं मागणं ऐका, मग बसतो. आपल्या दिंडीत चोपदार चालताना माणसं मोजतो. मुक्कामाला एक कमी भरला तर माघारी जाऊन शोधतो. वारीचे अठरा-वीस दिवस आपण हे करतो. बाकीचं वर्ष कोण मोजतो? शंभर वर्षं झाली, तेव्हा एकच ठराव करू. हरिपाठाला रोज येणारा तीन दिवस दिसला नाही, तर चौथ्या दिवशी दोघांनी त्याच्या घरी जायचं. उपदेश करायचा नाही. आम्ही महाराज असून सांगतो, उपदेश करायचा नाही. ओट्यावर बसायचं, पाणी मागायचं, प्यायचं, आणि विचारायचं, "कवापासून उभा हाईस?"

आणि जो उभा आहे त्यानं ताठा करू नये. हाक मारावी. देवळात कोणी नाही असं वाटतं, पण वाटेत कोणीतरी धापा टाकत येत असतं. त्याचाही बैल गेलेला असतो.

त्या पोराच्या आईकडं आम्ही नंतर गेलो. आठ वर्षांनी. माफी मागितली. तिनं चहा केला. म्हणाली, "तुम्ही बोलला ते आता आठवत न्हाई. पण आलात, बरं वाटलं."

रामकृष्ण हरी.